तरतूद, मान्यता आणि खर्च : हिंगोली जिल्ह्याची वार्षिक योजना

1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव या पाच तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याकडे सामान्यतः प्रशासकीय सोय म्हणून पाहिले जाते. सार्वजनिक निधीच्या दृष्टीने मात्र या घटनेचे महत्त्व अधिक आहे. कारण नियोजन विभाग जिल्हा योजनेचा निधी वाटतो तो जिल्हा हे एकक मानूनच.

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने 1984 मध्ये राज्यातील प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप केले. एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपयांचा व त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे 751 कोटी रुपयांचा ठरला. हा हिशेब जिल्ह्यांच्या सरासरीवर उभा होता आणि आजचा हिंगोली जिल्हा त्या वेळी परभणीच्या सरासरीत सामावलेला होता. पूर्णा प्रकल्पाच्या सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांनी वसमतकडील काळ्या जमिनीस पाणी दिले. उत्तरेकडील डोंगराळ शिवार पावसावर अवलंबून राहिले. सरासरीच्या आकड्यात हे अंतर दिसत नाही.

जिल्हा वेगळा होताच त्यास स्वतंत्र नियतव्यय मिळू लागला. ही मर्यादा ठरविताना ग्रामीण व शहरी लोकसंख्या, भौगोलिक क्षेत्र आणि मानव विकास निर्देशांक विचारात घेतले जातात. सर्वसाधारण योजनेखेरीज अनुसूचित जाती व आदिवासी घटकांसाठीची तरतूद स्वतंत्रपणे दाखविली जाते. कळमनुरी येथे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे ते याच कामासाठी. आराखडा जिल्हा नियोजन समितीपुढे येतो. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि 1998 च्या अधिनियमानुसार तिचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्थांच्या निर्वाचित सदस्यांतून निवडून यावयाचे असतात. हा अधिकार मोठा आहे, पण त्याचा उपयोग बहुधा कामांची यादी पुढे सरकविण्यापुरताच होतो.

विधिमंडळाने अर्थसंकल्प मंजूर केल्यावाचून राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. मंजुरी मिळाली म्हणजे रक्कम हाती आली, असेही नव्हे. तरतूद टप्प्याटप्प्याने वितरित होते. प्रत्येक कामास प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रकास तांत्रिक मान्यता, त्यानंतर निविदा आणि कार्यारंभ आदेश हा क्रम पाळावा लागतो. देयक कोषागारात जाते ते सर्वांत शेवटी.

एखाद्या गावातील शाळाखोलीचे उदाहरण घ्यावे. खोली मंजूर झाली. परंतु जागा शाळेच्या नावे नाही, हे मान्यतेनंतर उघडकीस आले. पत्रव्यवहारात जून उजाडला. पावसाळ्यात काळ्या मातीत पायाचे खोदकाम होत नाही. दिवाळीनंतर निविदा निघाली, मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि काम सुरू झाले ते फेब्रुवारीत. शासकीय विभागाकडील अखर्चित तरतूद 31 मार्च रोजी व्यपगत होते. जिल्हा परिषदेस वितरित झालेला निधी पुढील आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत खर्च करता येतो. पण या सवलतीमुळेच पहिले वर्ष निष्काळजीपणे घालविण्याची प्रवृत्ती बळावते. मार्चमध्ये कोषागारापुढे होणारी गर्दी हा या विलंबाचाच परिणाम होय.

अखर्चित रकमेची झळ एका वर्षापुरती राहत नाही. मागील निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र प्रलंबित असेल, तर पुढील हप्त्याची मागणी दुबळी ठरते. लेखापरीक्षणात आक्षेप निघाल्यास त्याचे उत्तर द्यावयास पंचायत राज समितीपुढे अधिकाऱ्यांना उभे राहावे लागते. खोलीविना राहिलेल्या मुलांना मात्र तोवर व्हरांड्यातच बसावे लागते.

ज्या ग्रामपंचायती जागेची नोंद, ग्रामसभेचा ठराव आणि कामाचे मोजमाप अर्थसंकल्पापूर्वीच, म्हणजे डिसेंबरपर्यंत, पूर्ण करून ठेवतात, त्यांच्या कामास एप्रिल-मे हे दोन कोरडे महिने मिळतात. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात पायाभरणीसाठी तेवढाच अवधी हाती असतो.