भूमिगत केबलची कसोटी तिच्या टोकाशी

पुण्याच्या चांदणी चौकातून पौडकडे निघाले की बावधनच्या पुढे भूगाव लागते. मुळशी तालुक्याचा विजेशी संबंध जुना आहे. मुळशी धरणाच्या पाण्यावर भिरा येथे १९२७ साली वीजनिर्मिती सुरू झाली. शतक उलटत आले असताना याच तालुक्यातील भूगावसारख्या गावांचे स्वरूप पालटले आहे. शेतजमिनींच्या जागी निवासी संकुले उभी राहिली आहेत आणि विजेची मागणी वाढली आहे. अशी वाढ होते तेथे खांबांवरील उघड्या तारांऐवजी जमिनीखालील उच्चदाब केबलचा मार्ग स्वीकारला जातो. वादळवारा आणि झाडांच्या फांद्या यांपासून केबल सुरक्षित राहते, हे खरे. परंतु जमिनीत गेलेली केबल रोहित्रापाशी किंवा खांबापाशी पुन्हा वर येतेच, आणि तिची खरी परीक्षा त्या टोकाशी होते.

दोषप्रवाह म्हणजे काय?

दोन तारांचा एकमेकींशी किंवा एका तारेचा जमिनीशी अनपेक्षित संबंध आला, म्हणजे शॉर्ट सर्किट झाले, की नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह वाहू लागतो. यालाच दोषप्रवाह म्हणतात. तो किती होईल हे मुख्यतः उपकेंद्रातील रोहित्राच्या क्षमतेवर अवलंबून असते.

उदाहरणार्थ, १० एम.व्ही.ए. क्षमतेचे आणि १० टक्के अवरोधाचे रोहित्र घेतले, तर ११ किलोव्होल्टच्या बाजूला, उपकेंद्रालगत, सुमारे ५,२५० अँपिअर दोषप्रवाह वाहू शकतो. एरवी त्या केबलमधून २५० अँपिअर वाहत असतील, तर हा प्रवाह २१ पट झाला. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ती २१ पट नव्हे, तर ४४१ पट होते. शिवाय पहिल्या क्षणी प्रवाहाचे शिखर सुमारे अडीच पट उंच जाते आणि तारा एकमेकींना जोराने ढकलतात किंवा ओढतात. टोकाचे जोड नीट आवळलेले नसतील, तर ते या धक्क्याने हलतात.

सहनक्षमता आणि वेळ

एखादी वस्तू किती दोषप्रवाह सोसू शकते, हे वेळेसह सांगावे लागते. क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनचे आवरण असलेली केबल नेहमीच्या कामात ९० अंश सेल्सिअसपर्यंत आणि दोषाच्या अल्पकाळात २५० अंशांपर्यंत तापू दिली जाते. या मर्यादेत ॲल्युमिनियमचा वाहक प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे एका सेकंदासाठी सुमारे ९४ अँपिअर, तर तांब्याचा वाहक सुमारे १४३ अँपिअर सोसतो. म्हणजे ९५ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल एक सेकंद सुमारे ८,९०० अँपिअर सोसेल; परंतु तीन सेकंदांसाठी तिची मर्यादा सुमारे ५,२०० अँपिअरवर येते. ‘इतके किलोअँपिअर’ एवढेच लिहून ‘इतके सेकंद’ न लिहिलेला आकडा म्हणूनच अपुरा समजावा.

कमकुवत दुवा

केबलच्या टोकाशी लग असतो, जोडबोल्ट असतात आणि धातूच्या कवचाला जमिनीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. जमिनीशी होणाऱ्या दोषात प्रवाह याच पट्टीतून परत जातो. ही पट्टी २५ चौरस मिलिमीटरची असेल, तर वरील मर्यादेत ती एक सेकंद सुमारे ३,६०० अँपिअर सोसते. तिचा जोड मऊ डाखाचा असेल, तर तापमानाची मर्यादा १६० अंशांवर येते आणि सहनक्षमता सुमारे २,५०० अँपिअरच उरते.

आता गाव वाढले आणि उपकेंद्रात तसेच दुसरे रोहित्र समांतर जोडले, असे समजू. दोषप्रवाह दुप्पट, म्हणजे सुमारे १०,५०० अँपिअर होईल. ९५ चौरस मिलिमीटरचा वाहक तो सुमारे पाऊण सेकंद सोसेल. डाख नसलेली पट्टी मात्र एका सेकंदाच्या जेमतेम नवव्या हिश्श्यात आपली मर्यादा गाठेल. तेवढ्या अवधीत सर्किट ब्रेकरने प्रवाह तोडला नाही, तर केबल शाबूत राहूनही टोक जळू शकते. काल पुरेसे असलेले टोक आज अपुरे ठरते ते असे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही.

सदोष कारागिरीनेही हेच घडते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चटकन बसतो. तो घासून न काढता किंवा चुकीच्या मापाच्या साच्याने लग दाबला, तर जोडाचा रोध वाढतो. रोजच्या प्रवाहात तो केवळ कोमट राहील. दोषाच्या वेळी मात्र वितळेल.

ग्रामपंचायतीने काय विचारावे?

शाळा, पाणीपुरवठा योजना किंवा नवे संकुल यांसाठी उच्चदाब केबल टाकली जात असताना पुढील माहिती लेखी मागणे उचित ठरेल:

१. त्या ठिकाणी दोषप्रवाह किती आहे आणि संरक्षक यंत्रणा तो किती वेळात तोडते?
२. वाहक, लग, टोकाचा संच आणि कवचाची भूसंपर्क पट्टी या प्रत्येकाची सहनक्षमता किती सेकंदांसाठी आहे?
३. टोकाच्या संचाचे प्रकार-चाचणीचे प्रमाणपत्र आहे काय?
४. उपकेंद्राची क्षमता वाढविल्यावर जुन्या टोकांचा फेरविचार झाला काय?
५. मोठा दोष होऊन गेल्यावर, पुरवठा पुन्हा सुरू करण्यापूर्वी, दोन्ही टोके तपासली काय?

तपासणीचे काम मात्र अधिकृत कर्मचाऱ्यांनी व परवानाधारक ठेकेदारांनीच करावयाचे आहे. केबलचे टोक खांबावरून उतरते तेथे शाळेतील मुले खेळणार नाहीत, जनावरे बांधली जाणार नाहीत आणि रस्त्याच्या खोदकामात भूसंपर्क पट्टी तुटणार नाही, ही दक्षता गावाने घ्यावी. टोकापाशी ठिणग्या किंवा जळका वास आढळल्यास जवळ न जाता १९१२ या क्रमांकावर कळवावे.

केबलवर झालेला खर्च जमिनीखाली जातो आणि दिसेनासा होतो. तो सार्थकी लागला की नाही, हे ठरते ते जमिनीवर उरलेल्या हातभर टोकावर. त्या टोकाचा आकडा विचारणारा पंचायत सदस्य गावाच्या सुरक्षिततेत मोलाची भर घालीत असतो.