लाईट गेली तरी नोंद राहिली पाहिजे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहिणं आणि सांभाळणं हे माझं काम. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ मोजायचं, दर लावायचा, पावती काढायची. दहा दिवसांचं बिल याच नोंदींवर निघतं. शाहूवाडी-राधानगरीकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. त्यातून पक्कं झालेलं थोडं सांगतो.

१. पडद्यावर ‘सेव्ह झालं’ आलं म्हणजे नोंद डिस्कवर गेली असं नव्हे. ती आधी मेमरीतल्या बफरमध्ये बसते. नेहमीच्या सेटिंगवर लिनक्स दर ५ सेकंदांनी बफर तपासतं आणि साधारण ३० सेकंद जुनं झालेलं तेवढंच डिस्ककडे धाडतं. नेमकी त्या वेळात लाईट गेली, तर म्हशीचं दूध घालून गेलेल्या बाईच्या हातात पावती असते आणि फाईलमध्ये तिचं नावही नसतं. पावती खरी की संगणक, हा वाद मग सचिवांच्या गळ्यात.

२. आधी एफसिंक, मग पावती. एफसिंक बफरमधलं डिस्कवर उतरवून घेतं आणि तोवर प्रोग्रॅमला थांबवून धरतं. त्याचा होकार येईपर्यंत प्रिंटर हलता कामा नये. ‘रांग खोळंबते’ ही तक्रार मला मान्य नाही. साध्या हार्ड डिस्कवरही हे बहुधा डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. फॅट मशीनला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

३. दरपत्रकासारखी फाईल जागच्या जागी खोडून लिहू नये. नवी फाईल वेगळ्या नावानं लिहायची, तिला एफसिंक करायचं, मग जुन्या नावावर आणायची आणि शेवटी फोल्डरलाही एफसिंक करायचं. २००९ च्या सुमाराला लिनक्सची ईएक्सटी४ ही फाईलव्यवस्था नवी असताना मशीन अचानक बंद पडल्यावर अनेकांना फाईल जागेवर सापडली, पण आकार शून्य. नाव बदलल्याची नोंद डिस्कवर पोचली होती, मजकूर बफरमध्येच राहिला होता. पुढे कर्नेलमध्ये त्यावर उपाय झाला, तरी आपली पायरी आपण गाळू नये.

४. एफसिंकनं चूक कळवली तर पुन्हा तेच करून बघू नका. सगळ्यात घातक जागा हीच. २०१८ साली पोस्टग्रेस डेटाबेसच्या मंडळींना आढळलं, की डिस्कवर लिहिणं फसलं तरी लिनक्स बफरमधला तो मजकूर ‘लिहून झाला’ असं धरतं. पहिल्या एफसिंकला चूक कळते, दुसऱ्याला बिनदिक्कत होकार मिळतो आणि डेटा मात्र डिस्कवर नसतो. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी सरळ बंद पडतं आणि लॉगवरून सगळं नव्यानं उभं करतं. संकलनाच्या प्रोग्रॅमनंही हेच करावं: काम थांबवावं, सचिवांना स्पष्ट सांगावं, तोवर वहीत लिहावं. संकलन खोळंबलं तर लोक चिडतात, हे खरं. पण उत्पादकाच्या पैशाची चुकीची नोंद त्याहून वाईट.

५. प्रत्येक नोंदीचा चेकसम, म्हणजे ती बिघडली का हे पडताळायचा आकडा, ती बफरमध्ये जाण्याआधीच काढावा. ईएक्सटी४ चे चेकसम फाईलव्यवस्थेच्या स्वतःच्या हिशेबापुरते असतात, आतल्या दुधाच्या आकड्यांना त्यांचं संरक्षण नाही. झेडएफएस, बीटीआरएफएस या फाईलव्यवस्था डेटाही तपासतात, पण बफरमध्ये असतानाच आकडा बिघडला तर बिघडलेल्याच आकड्याचा चेकसम निघू शकतो.

६. यूपीएस हवाच. मात्र बॅटरी उतरली की तो निव्वळ डबा, म्हणून वरचं काहीही त्यामुळे सुटत नाही.

७. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत ३९ फुटांनाच मशीन रीतसर बंद करून डेटाची प्रत उंचावर न्यावी. नवी प्रत जुनीवर चढवू नये. बिघडलेली फाईल चांगलीला गिळते.

८. नवं मशीन संस्थेत बसवण्याआधी भराभर खोट्या नोंदी चालू ठेवून प्लग उपटावा. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मग छापलेल्या पावत्या एकेक करून फाईलशी ताडाव्यात. एक जरी नोंद सापडली नाही, तर मशीन परत.