टी-बॅग की पत्तीचा चहा?

"डॉक्टर, दोरीची पिशवी बुडवून करतात तो चहा चांगला, की आपला उकळलेला?" हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात बरेच जण विचारतात. नोकरीसाठी नाशिक-पुण्याला गेलेली मुले सुट्टीत घरी येताना टी-बॅगचा डबा आणतात आणि घरात दोन पक्ष पडतात. म्हणून या आठवड्यात चहाचा विचार करू.

चहा एकच, कण निराळे

आपण ज्याला 'पत्ती' म्हणतो ती बहुतेक वेळा अखंड पान नसतेच. यंत्राच्या दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून त्याच्या बारीक गोळ्या करतात. या पद्धतीला 'सीटीसी' म्हणतात. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात सुरू झाली. चाळताना जी बारीक कणी आणि भुकटी खाली पडते, ती बहुतेक टी-बॅगमध्ये भरतात. कण जितका बारीक तितका पाण्याशी संबंध जास्त, म्हणून रंग झटपट उतरतो. पिशवीत साधारण २ ग्रॅम चहा असतो. थोडक्यात, पिशवीत वेगळे औषधी झाड नाही. 'ग्रीन टी' लिहिलेल्या पिशवीने वजन झपाट्याने उतरते, हा समजही सोडून द्यावा.

पिशवीचे गुण-दोष

पिशवीचा पहिला गुण म्हणजे माप ठरलेले असते. दोन-तीन मिनिटांत ती काढून टाकली की चहा फार कडक होत नाही. दुसरा गुण मधुमेहाच्या रुग्णांसाठी मोलाचा आहे. पातेल्यात एकदा साखर पडली की ती सर्वांच्याच वाट्याला येते. पिशवीच्या चहात ज्याची त्याची साखर वेगळी राहते. मात्र त्यासाठी डबा विकत आणायलाच हवा असे नाही. पातेल्यात साखर घालण्यापूर्वी रुग्णाचा कप काढून ठेवला तरी काम होते.

आता दोष. पिशवी कशाची आहे ते पाहावे. काही चकचकीत, जाळीदार, त्रिकोणी पिशव्या नायलॉनच्या किंवा तत्सम प्लास्टिकच्या असतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाने २०१९ साली केलेल्या अभ्यासात अशी एक पिशवी कडक गरम पाण्यात अब्जावधी सूक्ष्म कण सोडते असे आढळले. त्यांचा शरीराला नेमका किती अपाय होतो याचे संशोधन चालू आहे, पण उगाच प्लास्टिक गिळण्यात शहाणपण नाही. कागदी पिशवी त्यापेक्षा बरी, तीही पिन नसलेली. पिन चहातून पोटात जाण्याचा धोका ओळखून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ साली टी-बॅगला पिन लावण्यास मनाईचा आदेश काढला. वापरताना पिशवी दाबून पिळू नये आणि फाटलेली पिशवी वापरू नये.

सुटा चहा घेताना

'सुटा' या शब्दाचे दोन अर्थ होतात. बंद पाकिटातील पत्ती हा एक, आणि आठवडे बाजारात पोत्यातून मोजून मिळणारी भुकटी हा दुसरा. माझे सांगणे पहिल्याबद्दल आहे. पोत्यातील मालात वापरून वाळवलेला चहा, रंग किंवा इतर पाने मिसळलेली असू शकतात.

घरच्या घरी परीक्षा करता येते. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती पसरावी, वर थोडे पाणी शिंपडावे. थोड्या वेळाने पत्ती झटकून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडासमोर धरावा. शुद्ध चहाचा डाग नगण्य असतो. रंग मिसळला असेल तर काळपट तपकिरी डाग उठतो. पत्तीवरून लोहचुंबक फिरवल्यास लोखंडाचा कीसही कळतो. संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

पत्तीचा चहा दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त उकळू नये. सकाळचीच पत्ती पातेल्यात ठेवून दिवसभर उकळत राहणे तर अगदी वाईट. त्यातून कडवट टॅनिन अधिकाधिक उतरते.

खरा प्रश्न वेळेचा

वाचकहो, पिशवी की पत्ती यापेक्षा मोठा प्रश्न चहा केव्हा पितो आणि कोण पितो हा आहे. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांत, रक्तक्षय झालेल्या स्त्रिया आणि मुले डॉक्टरांना रोज भेटतात. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतील लोह आधीच शरीरात कमी शोषले जाते. त्यावर चहा घेतला की टॅनिन त्या लोहाला धरून ठेवते आणि ते रक्तापर्यंत पोचत नाही. दूध घातल्याने हा दोष जात नाही. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९७५ सालीच जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते हे दाखवले होते. इंग्लंडमधील २०१७ च्या अभ्यासात जेवणानंतर तासभर थांबून चहा घेतल्यास हा दुष्परिणाम जवळजवळ निम्म्यावर आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा टाळावा असे सांगितले आहे.

गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजतात. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी अनेकजणी चहाच्या घोटाबरोबर गिळतात. म्हणजे गोळी पोटात जाते, पण तिचा बराचसा उपयोग वाया जातो. ती पाण्याबरोबर घ्यावी. लिंबू-पाणी किंवा आवळा असेल तर उत्तम. त्यातील क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करते.

येथे एक सावधगिरी. आपल्याकडे सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्या आजारात रक्त कमी असले तरी लोह कमी असेलच असे नाही. म्हणून फिकेपणा दिसला की दुकानातून टॉनिक न आणता आधी रक्त तपासून घ्यावे.

लहान मुलांना तर चहा देऊच नये. चहा-बटर किंवा चहा-खारी हा नाश्ता नव्हे. त्याने भूक मरते, पोषण होत नाही. मजुरीला जाणारी माणसेही सकाळची भूक कपभर चहावर मारतात. त्याऐवजी रात्रीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बरी. आपल्या तिखट जेवणावर लगेच कडक चहा घेतल्यास छातीत जळजळ वाढते, हेही लक्षात ठेवावे.

साखरेचाही हिशेब करा. कपात दोन चमचे आणि दिवसाला चार कप, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर झाली.

थोडक्यात

१. रोजच्या वापराला बंद पाकिटातील पत्ती पुरेशी चांगली आणि स्वस्त. टी-बॅग घ्यायचीच असेल तर कागदी, बिनपिनेची घ्या.
२. चहा कमी उकळा. जुनी पत्ती पुन्हा उकळू नका.
३. जेवणापूर्वी आणि जेवणानंतर एक तास चहा नको.
४. लोहाची गोळी चहाबरोबर कधीही नको.
५. मोठ्यांनी दिवसाला दोन-तीन कपांवर थांबावे. गरोदर स्त्रीने एक-दोन कपांवर.

एवढे पाळले तर चहा सोडण्याची गरज नाही. घरात पाहुणा आला तर चहा जरूर करा. फक्त तो जेवून उठला असेल तर तासभर गप्पा मारा आणि मग आधण ठेवा.