हाताला लागलेला नाद

पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. एका रविवारी आमच्या साक्षरता वर्गाची मंडळी तिथे गेली. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे, काय नाही तिथे! त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीसाठी त्याचे नाव संग्रहालयाला दिले.

वाद्यांपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पाट्या मोठ्याने वाचल्या. आमच्यातल्या एका आजींना फार कमी ऐकू येते. ‘सारंगी’ हा शब्द त्यांनी स्वतः वाचला आणि विचारले, “ही वाजते कशी?” आम्ही काय सांगणार? वाद्ये काचेमागे गप्प होती. हात लावायची सोय नाही.

परतताना वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात शिरलो. तिथे मिरजेचा तंबोरा होता. कारागिराने आजींचा तळहात भोपळ्यावर ठेवला आणि तार छेडली. आजी दचकल्याच. “अगं बाई, हा तर थरथरतोय!”

ही थरथर म्हणजेच आवाज. तार हलते. ती ज्या घोडीवर टेकलेली असते, ती घोडी हलते. घोडीखालची लाकडी तबली हलते. मग हवा हलते आणि ती थरथर आपल्या कानाच्या पडद्यावर येते. भिंतीवर दोन खिळ्यांना नुसती तार ताणली, तर आवाज अगदी बारीक येईल. तबली आणि पोकळ भोपळा त्याला मोठा करतात. हा भोपळा भाजीचा नव्हे बरं का! तो कडू असतो, पंढरपूरकडे पिकतो. तो चांगला वाळवून मिरजेचे कारागीर त्याचा तंबोरा करतात. खुंटी पिळली की तार ताणते आणि सूर चढतो.

घरी करून पाहा. गळ्यावर बोटे ठेवा आणि लांब ‘म्‌म्‌म्’ म्हणा. थरथर लागेल. आता साप फुसकारतो तसे ‘स्‌स्‌स्’ म्हणा. गळा गप्प राहील, कारण इथे आवाज दातांतून जाणाऱ्या वाऱ्याचा आहे. ढोलकी असेल तर ती उभी धरा, वरच्या पुडीवर तांदळाचे चार दाणे टाका आणि कडेला हलकी थाप द्या. दाणे कसे उड्या मारतात ते बघा.

परवा वर्गात भजन झाले. आजी पखवाजाच्या खोडाला हात टेकवून बसल्या. वाजवणारा म्हणाला, “आजी, जरा सरका की!” आजी काही सरकल्या नाहीत.