देवाच्या घरचे दत्तकपण

शास्त्रपाठ : गलतीकरांस ४:१-७, रोमकरांस ८:१२-१७

गेल्या उन्हाळ्यात एका वाडीवरील लहानशा मंडळीस भेट देण्याचा आम्हांस योग आला. उपासना व भोजन आटोपल्यावर लोक उठून गेले, पण एक वृद्ध गृहस्थ खांबाला टेकून बसून राहिले. त्यांचा बाप्तिस्मा होऊन दोन वर्षे झाली होती. तेव्हापासून सख्ख्या भावांनी त्यांच्याशी बोलणे टाकले होते, पुतणीच्या लग्नाचे बोलावणे त्यांच्या दारी आले नव्हते, आणि शेताच्या वाटणीतही त्यांस कोणी विचारले नव्हते. (धर्म बदलल्याने वारसाहक्क बुडू नये असे १८५० च्या २१ व्या कायद्याने ठरविले होते खरे, पण भावकीच्या ओट्यावर कायद्याचे कितीसे चालते?) ते आम्हांस म्हणाले, "पाळकसाहेब, भावकीनं टाकलं हे डोळ्यांनी दिसतं. देवानं घेतलं, हे कशावरून?"

त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते तोकडे होते. म्हणून तोच विषय आज वाचकांपुढे मांडीत आहो.

देवाने आपणांस घेतले हे सांगण्यासाठी पौल प्रेषिताने जो शब्द योजिला, त्याचा मूळ ग्रीक अर्थ पुत्र म्हणून स्थापणे असा आहे. आपण त्यास दत्तकपण म्हणतो. नव्या करारात हा शब्द पाचच ठिकाणी आढळतो, आणि ती पाचही पौलाच्या नावाच्या पत्रांत आहेत : रोमकरांस ८:१५, ८:२३ व ९:४, गलतीकरांस ४:५ आणि इफिसकरांस १:५. यहूदी नियमशास्त्रात दत्तकाचा विधी सांगितलेला नाही. निपुत्रिक भावाचा वंश चालविण्याची त्यांची रीत निराळी होती (अनुवाद २५:५-६). मोशे फारोच्या कन्येचा पुत्र झाला तो मिसरात, आणि मर्दखयाने अनाथ एस्तेरेस आपली कन्या मानिले ते शूशन येथे. दोन्ही परमुलुखातील गोष्टी.

पौल मात्र जन्मापासून रोमी नागरिक होता, आणि रोमी लोकांत ही चाल थेट राजवाड्यापर्यंत होती. लूक २:१ मधील ज्या औगुस्त कैसराचे नाव आपण दर नाताळास वाचतो, तो यूल्य कैसराच्या मृत्युपत्राने त्याचा पुत्र ठरला होता. लूक ३:१ मधील तिबिर्य कैसर हा त्या औगुस्ताच्या पत्नीस पहिल्या पतीपासून झालेला मुलगा. त्यास औगुस्ताने इ. स. ४ मध्ये दत्तक घेतले, आणि इ. स. १४ मध्ये तो गादीवर बसला. दत्तक गेलेला मुलगा जनक पित्याच्या सत्तेतून सुटून नव्या पित्याच्या सत्तेखाली येई, त्याचे नाव धारण करी व पोटच्या पुत्राप्रमाणे वारस होई. तेव्हा रोमकरांस हा शब्द कोणी फोड करून सांगावा लागला नसेल.

आपणांसही तो परका नाही. मूल ओटीत घालणे म्हणजे काय हे खेड्यातील अडाणी मनुष्यही जाणतो. देणारा देतो, घेणारा घेतो, चार लोक साक्षीला असतात. मूल स्वतः काहीच करीत नाही. बहुधा त्यास तेव्हा काही समजतही नाही. मात्र त्या घटकेपासून त्याचे जन्माचे गोत्र सुटते आणि घेणाऱ्याचे गोत्र त्याचे होते.

परंतु हा दाखला उपदेशकांनी जपून वापरावा. मनुष्य दत्तक घेतो तो बहुधा आपल्या उणिवेमुळे : वंश खुंटतो, मागे पाणी देण्यास कोणी नाही, वतन परक्याच्या हाती जाते. देवाला असली उणीव नव्हती. त्याला एकुलता एक पुत्र होता, प्रिय होता, आणि त्याच पुत्राला मोलादाखल देऊन त्याने आपणांस घेतले. गलतीकरांस ४:५ मधील क्रम पाहावा : आधी खंडणी भरून सोडविणे, मग दत्तकपण. जनक बाप मुलाला राजीखुशीने देतो, पण पाप आपल्या दासाला राजीखुशीने सोडीत नाही. शिवाय मनुष्य निवडतो तो आपल्याच जातीचा, निरोगी, देखणा मुलगा. देवाने आपणांस घेतले ते वैरी असताना (रोमकरांस ५:१०). कन्येचे दत्तक तर १९५६ च्या कायद्यापूर्वी आपल्याकडील न्यायालये सामान्यतः मान्य करीत नसत. २ करिंथकरांस ६:१८ येथे कन्यांचा उल्लेख स्पष्ट आहे, हे मंडळीतील भगिनींस अवश्य दाखवावे.

आणखी एक भेद आहे, आणि त्या वृद्ध गृहस्थांच्या शंकेशी त्याचा जवळचा संबंध आहे. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी एक मुलगा दत्तक घेतला. कंपनी सरकारने ते दत्तक नामंजूर केले व १८५४ साली संस्थान खालसा केले. साताऱ्याचेही १८४८ साली तसेच झाले होते. घेणारा राजा असला तरी त्याच्यावर दुसरा सत्ताधीश होता. देवावर कोण आहे? त्याने घेतलेल्यास नामंजूर करण्याचा अधिकार गावच्या पंचांस नाही, सैतानास नाही, आणि आपल्याच खचलेल्या मनासही नाही.

तरीही "कशावरून?" हा प्रश्न उरतोच. पौल म्हणतो की ह्या दत्तकाचा साक्षीदार पवित्र आत्मा आहे, आणि ती साक्ष एका हाकेत ऐकू येते : अब्बा. हा प्रभु येशूच्या घरच्या अरामी भाषेतील शब्द. ग्रीक बोलणाऱ्या मंडळ्यांनीही तो तसाच जपून ठेविला. नव्या करारात तो तीनदाच येतो, आणि त्यांपैकी एकदा गेथशेमाने बागेत, प्रभूच्या अत्यंत क्लेशाच्या रात्री (मार्क १४:३६). तेव्हा ही केवळ सुखाच्या दिवसांतील हाक नव्हे. पोर तापाने फणफणले असता एखादी माता रात्री मरीआईचा दोरा हाती घेते, मग तो खाली ठेवून रडत रडत "बापा" म्हणते. तिला वाटते आपला विश्वास कच्चा. आम्हांस वाटते, तिच्या ठायी आत्मा साक्ष देत आहे. दास भितो तेव्हा धन्यापासून लपतो. मूल भिते तेव्हा बापाकडे धावते.

आता जे लिहावयाचे ते लिहिताना आम्हांस लाज वाटते. दत्तक मुलाचे जन्माचे गोत्र सुटते, असे वर म्हटले. आपल्या आप्तांवरील माया सोडावी असा ह्याचा अर्थ नव्हे. पौल आपल्या ज्ञातिबांधवांसाठी किती तळमळत होता ते रोमकरांस ९:१-४ मध्ये वाचावे. पण देवाच्या घरात जन्माचे गोत्र पाहून जो भावाचे पान निराळे मांडतो, तो स्वतःचेच दत्तकपत्र फाडतो. त्या दिवशी त्या वाडीवर प्रीतिभोजनाच्या दोन पंगती बसल्या होत्या, एक पडवीत व एक अंगणात. कोणी कोठे बसावे हे कोणी सांगितले नव्हते. तरी ज्या त्या जुन्या आळीचे लोक ज्या त्या पंगतीत होते. ते वृद्ध गृहस्थ दोन्ही आळ्यांचे नव्हेत. ते उंबऱ्याशी पत्रावळ घेऊन एकटे जेवले. आम्ही ते पाहिले, आणि काही बोललो नाही. नंतर त्यांनी प्रश्न विचारला तेव्हा आम्ही त्यांस रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचून दाखविला.

कापणीच्या उपकारस्तुतीस आम्ही तेथे पुन्हा जाणार आहो. पंगत एकच असावी असे तेथील उपदेशकांस कळविले आहे, आणि आमचे पान त्या गृहस्थांच्या शेजारी मांडावे असेही.