गप्पी, मॉलीची ‘जोडी’ विकताय? आधी नर-मादी ओळखायला शिका

फिश टँकच्या धंद्यात गिऱ्हाईक हमखास म्हणतं, “एक जोडी द्या.” तुम्ही चुकून दोन नर दिलेत, तर ते दोन महिने पिल्लांची वाट बघेल आणि पुढचं खाद्य, फिल्टर दुसऱ्या दुकानातून घेईल. म्हणून हा धडा.

रंगावर जाऊ नका. गप्पीचा नर लहान, रंगीत, मोठ्या शेपटीचा आणि मादी जाड, फिकट, हे साधारण खरं आहे. पण हल्ली माद्यांच्या शेपट्याही रंगीत असतात. आणि ब्लॅक मॉलीत तर दोघंही काळेच!

पोटाखालचा पर बघा. शेपटीच्या अलीकडे पोटाखाली एक पर असतो. मादीचा पंख्यासारखा पसरट, तर नराचा बारीक काडीसारखा, मागे वळलेला. याला गोनोपोडियम म्हणतात. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या चारही माशांना ही खूण लागू होते. मासा काचेच्या बरणीत घ्या आणि बाजूने बघा. वरून दिसत नाही.

घाई करू नका. लहान वयात सगळेच मादीसारखे दिसतात. स्वोर्डटेलच्या काही नरांना तलवार उशिरा येते. त्यामुळे तलवार नाही म्हणजे मादीच, असं समजू नका.

ब्रीडिंग करणार असाल तर:
१. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीचा पिच्छा पुरवतो.
२. मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने साठवते. मिक्स टाकीतली मादी आणली, तर पिल्लं कुठल्या नराची ते सांगता येणार नाही. ठरावीक रंगाची जात टिकवायची असेल तर पिल्लं साधारण महिन्याची होत आली की नर-मादी वेगळे करायला लागा.

गोल्डफिशचं काय? तिथे ही खूण चालत नाही. विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर पांढरे बारीक ठिपके येतात. तो रोग नव्हे. एरवी खात्रीने सांगणं अवघड असतं. एंजलफिशचंही तसंच. अशा वेळी जोडी म्हणून जास्त पैसे घेऊ नका. “पाच-सहा लहान मासे घ्या, टाकी मोठी ठेवा, जोडी आपोआप जमेल,” असं सरळ सांगा.

आजचा गृहपाठ: दहा गप्पी बरणीत एकेक बघा आणि नर किती, माद्या किती ते वहीत लिहा. दहाही बिनचूक ओळखता आले, की मगच दुकानात ‘जोडी’ची पाटी लावा!