अक्षरक्रमाने केलेला विलाप

इ. स. १७३९ साली वेढा पडून वसईचा कोट पडला. त्यातील भग्न देवळे पाहणाऱ्यांस विलापगीताचा शोक कळेल. इ. स. पूर्वी ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, त्या दुःखाची ही गीते होत.

इब्री वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. आलेफ पहिले, ताव शेवटले. अध्याय १, २ व ४ यांतील बावीस वचने एकेका अक्षराने आरंभ होतात. तिसऱ्यात प्रत्येक अक्षरास तीन, म्हणून ६६ वचने. भाषांतरात हा क्रम लोपतो. पाचव्यात वचने बावीसच, परंतु अक्षरक्रम नाही. तो अध्याय केवळ प्रार्थना आहे.

बंधुजनहो, आपले दुःख आलेफपासून तावपर्यंत देवापुढे मांडा; आणि शब्दांचा क्रम सुचेनासा झाला, तरी प्रार्थना सोडू नका.